अलिबागच्या घरातलं सामान ठाण्याच्या फ्लॅटमध्ये कसं मांडावं?

ओसरी
नमस्कार मंडळी. इतके दिवस वाचनमात्र होते, आज पहिल्यांदाच धागा काढतेय.
आम्ही बेने इस्रायल, म्हणजे कोकणातले मराठी यहुदी. माझं माहेर अलिबागच्या इस्रायल आळीतलं. आजी गेल्यावर घर बंदच होतं. मागच्या पावसाळ्यात माजघरावरचा वासा मोडला आणि कौलं खाली आली, तेव्हा सगळ्यांनी मिळून घर विकायचं ठरवलं. सामानाच्या वाटण्या झाल्या आणि एक टेंपो भरून वस्तू माझ्याकडे ठाण्याला आल्या. फ्लॅट दोन बेडरूमचा, सहाव्या मजल्यावर.
काय काय आहे ते सांगते. एलियाहू हन्नाबीची मोठी सागवानी तसबीर, खालचा कोपरा कसरीनं खाल्लेला. शुक्रवारी संध्याकाळी आजी पेटवायची ती काचेची हंडी, पितळी साखळ्यांसकट. मलिद्याचं ताट, जे एका माणसाला धड उचलवत नाही. पितळी हनुक्किया (हनुक्का सणाचा दिवा). आजी-आजोबांच्या लग्नाचा केतुबा, म्हणजे लग्नाचा करारनामा, चार घड्या घातलेला. आजीची लग्नातली पांढरी साडी. आणि दाराच्या चौकटीवरचा मेझुझा. त्याच्यावर ऑइलपेंटचे इतके थर होते की सुतार तो लाकडाचा तुकडा समजून फेकायला निघाला होता.
आमच्या इंटिरियरवाल्यांनी हॉलची पश्चिमेची भिंत धरलीय. टीव्ही तिथेच, आणि दोन्ही बाजूंना या सगळ्या वस्तू, वरून छोटे स्पॉटलाइट. कॉम्प्युटरवरचं चित्र सुंदर दिसतं. नवऱ्याला आवडलंय. मला मात्र बघताना पोटात कसंतरी होतं, आणि नेमकं का ते सांगता येत नाही. तुम्ही कोणी घरातल्या जुन्या वस्तू नव्या घरात मांडल्या असतील तर कशा, ते लिहाल का? यातली कुठली वस्तू भिंतीवर लावू नये असं आहे का?

पितळी_डबा
धागा छान. प्रचि (प्रकाशचित्रं) टाका की!
पितळेबद्दल एवढंच सांगतो, चिंचेच्या कोळानं हलक्या हातानं पुसा, लगेच धुऊन कोरडं करा. अलिबागच्या खाऱ्या हवेतून आलंय, ओलं राहिलं तर पुन्हा हिरवं पडेल.

कागदमित्र
@पितळी_डबा, ताटाला चालेल. हनुक्कियावर अक्षरं कोरलेली असतील तर कृपया चिंच नको आणि पावडरही नको. घासून घासून अक्षरं बुजलेली भांडी मी खूप पाहिलीत. सुती फडक्यानं धूळ काढा आणि थांबा. ऐंशी वर्षांचा काळपटपणा हा मळ नसतो.
पण खरी काळजी केतुब्याची. घड्यांवर सेलोटेप लावू नका, लॅमिनेशन तर अजिबात नको. ते पुन्हा निघत नाही आणि आत कागद मरतो. घड्या जबरदस्तीनं उलगडू नका. आम्लमुक्त पुठ्ठ्यावर सपाट ठेवा. फ्रेम केलीच तर काच कागदाला टेकता कामा नये, मध्ये पुठ्ठ्याची चौकट हवी, नाहीतर पावसाळ्यात कागद काचेला चिकटतो. बाहेरच्या बाजूची भिंत टाळा, तिला ओल येते. उजेडाचं म्हणाल तर संग्रहालयात कागदावर साधारण ५० लक्सपेक्षा जास्त प्रकाश पडू देत नाहीत. तुमचे स्पॉटलाइट त्याच्या कितीतरी पट होतील. माझं ऐकाल तर चांगलं स्कॅन करून प्रत लावा आणि मूळ कागद कपाटात आडवा ठेवा.

चौकस
अज्ञानातून विचारतोय, राग मानू नका. यहुदी धर्मात मूर्ती-चित्रांची पूजा नसते ना? मग एलियाहूची तसबीर घरात कशी?

पनवेलकर
राग कशाला? पूजा नसतेच. हार नाही, उदबत्ती नाही, कोणी नमस्कार करत नाही. अग्निरथातून आकाशात जाणारा संदेष्टा, एवढंच ते चित्र. पण बेने इस्रायलांच्या घरात ते दिसलं नाही असं क्वचितच. नवस बोलायचा तो देवाला, एलियाहू हन्नाबीची आठवण करून, आणि नवस फिटला की मलिदा. पोह्यांत ओलं खोबरं, साखर, वेलची, बदाम-पिस्ते, आणि भोवती पाच तऱ्हेची फळं. लग्नाआधी मलिदा, नव्या घरात मलिदा, परदेशी निघालेल्याला मलिदा.
@ओसरी, आमच्या घरात एक पद्धत आहे. ज्या दिशेला तोंड करून प्रार्थना करतो त्या भिंतीवर माणसाचं चित्र लावत नाहीत, मग ते एलियाहूचं का असेना.

नागावची_पोर
मी यहुदी नाही, पण अलिबागची आहे म्हणून लिहिते. गावातल्या रस्त्यानं आत गेलं की खंडाळं लागतं (घाटातलं नव्हे, आमच्या तालुक्यातलं). तिथे कातळावर ज्या खुणा आहेत त्यांना सगळे एलियाहू हन्नाबीचा टापा म्हणतात. रथाच्या चाकांच्या आणि घोड्याच्या टापांच्या खुणा. लहानपणी आम्ही त्या खुणांवर पाय ठेवायचो नाही, वळसा घालून जायचो. शेजारच्या काकूंकडून मलिदा आला की आई आधी खोबऱ्याचा तुकडा उचलायची. ताई, ते ताट भिंतीवर टांगलेलं मला बघवणार नाही. रिकामं ताट कधी पाहिलंच नाहीये मी.

हापूस७
+१. शेवटचं वाक्य.

रामलेकर
शालोम ओसरीताई. मी इस्रायलमधल्या रामले शहरातून लिहितोय. वडील पेणचे, मी इथलाच, पण घरात मराठी.
तुमच्या पोटात कसंतरी का होतंय ते मला वाटतं मी सांगू शकतो. तुम्ही म्हणता पश्चिमेची भिंत. कोकणातून जेरुसलेम कुठे? पश्चिमेला. युरोपातले यहुदी पूर्वेच्या भिंतीवर ‘मिझराह’ लिहिलेली पाटी लावतात, मिझराह म्हणजेच पूर्व. आपल्याकडे उलटं. सिनेगॉग, म्हणजे आपलं प्रार्थनामंदिर, अलिबागचं मागेन अबोथ, ठाण्याचं शाआर हाशामाईम, कुठेही जा, तोराची (धर्मग्रंथाची) कपाटं पश्चिमेच्या भिंतीला. तुमच्या आजी कुठल्या भिंतीकडे तोंड करून सिद्दूर (प्रार्थनेचं पुस्तक) वाचायच्या, आठवून बघा. आता त्या भिंतीवर टीव्ही येतोय.
मेझुझाचं. नुसतं खोकं म्हणजे मेझुझा नव्हे. आत चामड्याची गुंडाळी असते, तिच्यावर हातानं लिहिलेल्या २२ ओळी, ‘शमा इस्राएल’ या प्रार्थनेपासून. खोकं न ठोकता उघडा. सात वर्षांत दोनदा ती गुंडाळी तपासून घ्यावी असा नियम आहे. एखादं अक्षर जरी तडकलं असेल तर ती चालत नाही, नवी लिहून घ्यावी लागते, आणि जुनी कचऱ्यात टाकायची नाही. ती गेनिझात (जुन्या पवित्र लिखाणाच्या साठ्यात) जमा करून पुढे दफन करतात. आत शिरताना उजव्या हाताला, चौकटीच्या वरच्या तिसऱ्या भागाच्या सुरुवातीला लावा. आपल्याकडे उभा लावतात, तिरपा अश्केनाझींचा (युरोपातल्या यहुद्यांचा). बाथरूम सोडून प्रत्येक खोलीला हवा.

ओसरी
रामलेकर काका, वाचून हात थांबले माझे. आजी माजघरातल्या भिंतीला तोंड करून उभी राहायची, आणि त्या भिंतीच्या पलीकडे समुद्राची बाजू. म्हणजे पश्चिमच. मी एवढी वर्षं समजत होते की ती खिडकीतल्या वाऱ्यासाठी तिथे उभी राहते.
मेझुझा आज उघडला. गुंडाळी आहे, पण कडा तपकिरी झाल्यात आणि एका जागी शाई उडालीय.
@नागावची_पोर, ताट टांगणार नाही.

साधा_वाचक
आमच्याकडेही असंच झालं होतं. वाडा पाडला तेव्हा देव्हाऱ्यातले टाक शोकेसमध्ये मांडायची कल्पना निघाली. आजोबांनी शब्द न बोलता ते उचलून परत देव्हाऱ्यात ठेवले. विषय संपला.

शुभ्र_कापूस
साडीबद्दल कोणी लिहिलं नाही म्हणून. हँगरला लावू नका, जरीच्या वजनानं पदर फाटतो. धुतलेल्या मलमलमध्ये गुंडाळून ठेवा आणि दर तीन-चार महिन्यांनी घडी बदला. एकाच घडीवर राहिली की तिथेच चिरते. डांबरगोळ्या कापडाला टेकू देऊ नका.
लग्नातली साडी पुढे सिनेगॉगला द्यायची, तिचा तोराच्या कपाटावरचा पडदा करायचा, ही तुमच्यातली रीत मला फार आवडते. साडी घालणारी बाई जाते, पण कापड लोकांसमोर उघडतं-मिटतं.

पनवेलकर
देताना मात्र कागद करून द्या. आमच्या मामीनं तिच्या शालूचं तोराचं आवरण करून एका ठिकाणी दिलं होतं. वीस वर्षांनी विचारायला गेलो तर कोणाला माहीतच नाही. नाव, साल, कोणाची साडी, हे आतल्या बाजूला शिवून द्यायला हवं होतं. आमचीच चूक आणि कायमची हळहळ.

मुलुंडकर
विषयांतर करतोय. माझ्या आजोळी लाकडी घाण्याची लाट होती. मामानं ती आडवी टाकून वर काच बसवली आणि हॉलमध्ये टीपॉय केला. तेव्हा घरातली वडील माणसं रागावली होती. ‘शनवार तेली’ म्हणून लोक हिणवायचे, ते आपणच हॉलमध्ये मांडायचं? पाहुण्यांनी विचारलं तर काय सांगायचं?
मी मामाच्या बाजूचा. कोकणात आपली माणसं तेल गाळायची आणि शनिवारी घाणा बंद ठेवायची. पुस्तकं नव्हती, रब्बी (धर्मगुरू) नव्हते, हिब्रू विसरलेलं. तरीही शनिवार पाळला. नाव चिडवायला पडलं असेल, पण शब्बाथ पाळल्याची तीच साक्ष आहे. मामा पाहुण्यांना तेच सांगायचा.

दिमोना_मावशी
मुलुंडकर, बाळा, वडील माणसांची बाजूही समजून घे. १९६०च्या सुमाराला आम्ही इथे इस्रायलात आलो तेव्हा रब्बी मंडळी आम्हाला विचारत होती, तुम्ही पक्के यहुदी कशावरून? लग्नं अडली. १९६४ साली आपली माणसं जेरुसलेममध्ये धरण्याला बसली तेव्हा कुठे सरकारनं आपल्या बाजूनं ठराव केला. ज्यांना हे दोन्हीकडून ऐकावं लागलं, तिथे तेली आणि इथे हिंदी, त्यांना घाणा हॉलमध्ये नको वाटला तर नवल नाही. माझ्या वडिलांनी इथे घरात काहीच जुनं ठेवलं नाही. एक अडकित्ता तेवढा होता आईच्या बटव्यात. आता नातवंडं विचारतात, सावता (आजी), हिंदुस्थानातलं काय आहे आपल्याकडे? मी अडकित्ता दाखवते. तो काचेच्या कपाटात आहे, पण रोज संध्याकाळी मी तो काढून सुपारी कातरते.

मुलुंडकर
मावशी, हे माहीत नव्हतं. ज्येष्ठांना मी उगाच लाजाळू समजत होतो. लिहिलंत ते बरं झालं.

ओसरी
दिमोना_मावशी, तुम्ही लिहिलेलं दोनदा वाचलं. माझा धाकटा भाऊ इस्रायलात अशदोदला असतो. त्याला हनुक्किया हवीय, म्हणतो दिवाळीत आलो की बॅगेत घालून नेतो. त्याची मुलं तिकडे वाढतायत, त्यांच्याकडे काहीच नाही. द्यावी असं मला मनापासून वाटतं.

कागदमित्र
नेण्याआधी एक बघा. १९७२च्या पुरावशेष कायद्याप्रमाणे शंभर वर्षं किंवा त्याहून जुनी वस्तू आपल्याला देशाबाहेर नेता येत नाही. महत्त्वाच्या हस्तलिखितांना ही मर्यादा ७५ वर्षांची आहे. हनुक्किया किती जुनी? वयाची खात्री नसेल तर पुरातत्त्व खात्याकडे तज्ज्ञ समितीला दाखवून ‘ही पुरावशेष नाही’ असा दाखला घेता येतो. विमानतळावर वाद घालण्यापेक्षा ते बरं. पणजीच्या काळातली असेल तर ती इथेच राहील, हे भावाला आधीच सांगा.

पितळी_डबा
भावाला मलिद्याचं ताट... नको, नको. त्या ताटाच्या वजनात त्याचं सगळं सामान संपेल!

हापूस७
केतुब्याचा फोटो टाका ना ताई. रामलेकर काका वाचतील.

ओसरी
टाकलाय. वरची चौकट आणि पहिल्या काही ओळीच आहेत, नावं झाकलीत. आई लग्नाचं साल १९४१ सांगायची.

रामलेकर
वरच्या चौकटीतली सालाची हिब्रू अक्षरं स्वच्छ आहेत. ताव, रेश, त्सादी, तेत. ताव म्हणजे ४००, रेश २००, त्सादी ९०, तेत ९. झाले ६९९. पाच हजार लिहीत नाहीत, ते धरायचे. म्हणजे हिब्रू साल ५६९९. महिना आदार. त्या वर्षीचा आदार फेब्रुवारी-मार्च १९३९ मध्ये येतो. तुमच्या आईचा दोन वर्षांचा हिशेब चुकला बरं का.
किनारीला ती दोन बोटं रुंदीची नक्षी आहे ना, तिच्यात मासे आहेत. बारकाईनं बघा, डावीकडच्या माशाचे खवले लाल शाईनं एकेक करून काढलेत आणि उजवीकडच्याचे अर्धेच. लिहिणाऱ्याला लग्नाची घाई झाली असावी.

ओसरी
काका!! भिंगातून पाहिलं. अर्धेच आहेत. आईला फोन केला तर ती आधी म्हणाली शक्य नाही, मग गप्प झाली, मग म्हणाली, म्हणजे मोठी आत्या त्यांच्या लग्नानंतर दोन वर्षांनी झाली तर, मला वाटायचं लगेच झाली.

बोरिवलीची_सई
स्वयंपाकघरासाठी सुचवते. १८७४ साली पुण्यात मराठी भाषांतरासकट छापलेला हागादा आहे, पेसाख सणाच्या रात्री वाचायचा. त्यात चित्रं आहेत, आणि मात्झा (त्या सणाच्या बिनखमिराच्या पोळ्या) करणाऱ्या बायका चक्क आपल्याकडच्या लुगड्यांत, जमिनीवर बसून पोळ्या लाटतायत. त्या पानाची छापील प्रत फ्रेम करून ओट्याजवळ लावली तर तेलाचा शिंतोडा उडाला तरी हरकत नाही. मूळ वस्तू सगळ्याच भिंतीवर हव्यात असं कुठे आहे?
नवीन चित्रकलेतलं हवं असेल तर सिओना बेंजामिन यांचं काम बघा. मुंबईत वाढलेल्या, आता अमेरिकेत असतात. निळ्या कांतीच्या बायका, लघुचित्रांसारखी बारीक कलाकुसर, आणि विषय यहुदी. आपल्या दोन्हीकडच्या गोष्टी एका चित्रात.

चौकस
@बोरिवलीची_सई, लुगड्यातल्या बायका मात्झा लाटतायत हे चित्र बघायलाच हवं.
आणि हो, आमच्या बिल्डिंगमधल्या एका घरी खिडकीच्या जाळीत सहा कोनांचा तारा आहे. रंगारी आला तर म्हणाला, साहेब, हे यंत्र कोणाकडून सिद्ध करून आणलं? काकांनी त्याला बसवून चहा दिला आणि दाविद राजापासून सगळं सांगितलं. रंगकाम दुसऱ्या दिवशी सुरू झालं.

पनवेलकर
स्पॉटलाइटचं राहिलंच. ओसरीताई, तुम्ही शब्बाथ पाळत असाल तर शनिवारी बटण दाबायचं नाही. म्हणजे ते दिवे शुक्रवारी लावून ठेवायचे नाहीतर टायमर. आणि हंडी? ती तर त्याच दिवसासाठी आहे. शेजारी स्पॉटलाइट ढणाढणा आणि आजीची हंडी विझलेली, असं होऊ देऊ नका.
हंडी टांगताना जागा नीट बघा. एकदा पेटली की शनिवारी रात्रीपर्यंत तिला हलवायचं नाही. पंख्याचा वारा लागणार नाही, डोक्याला लागणार नाही, अशी जागा आधीच ठरवा. आणि हुक स्लॅबमध्ये घ्या, पीओपीत नको. आमच्याकडे पीओपीसकट खाली आली होती.

शुभ्र_कापूस
बापरे. कोणाला लागलं नाही ना?

पनवेलकर
नाही, देवाची कृपा. सोफ्यावर पडली. एक काच गेली. तशी काच भायखळ्यात शोधून मिळाली.

ओसरी
तीन आठवड्यांनी लिहितेय, उशीर झाला. काय काय केलं ते सांगते.
टीव्ही पूर्वेच्या भिंतीवर गेला. इंटिरियरवाले नाराज झाले, वायरिंग परत करावं लागलं, थोडा खर्च वाढला. नवऱ्याला रामलेकर काकांचं लिहिलेलं वाचून दाखवलं, तेव्हा तोच म्हणाला, मग प्रश्नच नाही. पश्चिमेच्या भिंतीवर आता एकच गोष्ट आहे, केतुब्याची स्कॅन केलेली प्रत. नावं, आदार ५६९९ आणि अर्ध्या खवल्यांचा मासा. मूळ कागद कपाटात आडवा.
एलियाहूची तसबीर जेवणाच्या टेबलाजवळ, दक्षिणेच्या भिंतीवर. कसरीनं खाल्लेला कोपरा तसाच ठेवलाय, फक्त मागचा पुठ्ठा बदलला. मलिद्याचं ताट ओट्याखालच्या मोठ्या खणात, हाताशी. मेझुझ्याची नवी गुंडाळी मागवलीय. जुनी सिनेगॉगमध्ये नेऊन दिली. खोक्यावरचा ऑइलपेंट काढला तर खालून पितळ निघालं आणि त्याच्यावर ‘शिन’ हे हिब्रू अक्षर. खालची रेघ मात्र कोणीतरी वाकडी ठोकलीय.
हनुक्कियाचं अजून ठरलं नाही. दाखल्यासाठी अर्ज केलाय. नाही मिळाला तर ती आमच्या दाराच्या डाव्या बाजूला लागेल, मेझुझ्यासमोर, आणि भाऊ हनुक्क्याला इकडे येईल असं त्यानंच सांगितलं.
साडी मात्र मी कोणालाच दिलेली नाही. मुलगी सोळा वर्षांची आहे. तिनं ती अंगाला लावून आरशात पाहिली आणि काही न बोलता परत मलमलमध्ये ठेवली. थांबते मी.

नागावची_पोर
ताई, नव्या घराचा मलिदा झाला का?

ओसरी
झाला ना, गेल्या रविवारी. ताट दोघांनी उचललं. शेजारच्या देशमुख काकूंनी आधी खोबऱ्याचा तुकडा उचलला, तेव्हा तुझी आई आठवली.

दिमोना_मावशी
आणि हंडी ग?

ओसरी
स्लॅबमधल्या हुकाला, मावशी. जेवणाच्या टेबलापासून दोन हात लांब, पंख्याच्या वाऱ्याच्या बाहेर. या शुक्रवारी सूर्यास्ताच्या अठरा मिनिटं आधी पेटवली. पहिल्यांदा वात बुडाली.

दिमोना_मावशी
पाणी किती घातलंस?

ओसरी
पाणी? मी नुसतं तेल घातलं.

दिमोना_मावशी
अगं, अर्ध्याच्या वर पाणी आणि त्यावर दोन बोटं खोबरेल. तेल वर तरंगतं, वात बुचावर. तेल संपलं की ज्योत पाण्याला टेकते आणि आपली आपण विझते, काच तडकत नाही. तुझी आजी असंच करत असणार. पुढच्या शुक्रवारी करून बघ आणि इथे लिही.